तीस घरांचं पुस्तक

आमच्या तांड्यात कोण येतंय ते बघायला मान वळवावी लागत नसे. बायकांचे हात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेले, त्यामुळे माणूस दारात यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, बांगड्यांचा आवाज मऊ होता. पहाटे ती ज्वारीच्या बाट्या थापायची तेव्हा तो एका लयीत चालायचा आणि त्याच लयीत मी पुन्हा झोपून जायचे. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, बायकोचा आवाज मात्र तीन घरं आधी ऐकू यायचा. तो आला की याडी ओढणी सारखी करायची, माझा बाप, बापू, बिडी विझवायचा आणि मी हातातलं काम दुप्पट असल्यासारखं करू लागायचे. आम्ही तिला नायकणकाकी म्हणायचो. ती वाईट बाई नव्हती. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडून मी बरीच वर्षं सुखाने जेवले आहे.

मी मॅट्रिक झाले होते. ढाणकीच्या शाळेत पायी जाऊन मॅट्रिक होणारी तांड्यातली मी पहिली मुलगी, त्यामुळे डोकं जरा वर गेलं होतं. नायकाच्या ओट्यावर बालवाडी सुरू झाली आणि ती मला मिळाली. पण तात्पुरती. उमरखेडहून एक बाई तपासायला येणार, त्यांना काम पटलं आणि नायकाने दोन शब्द चांगले सांगितले, तर ती कायम होणार आणि पुढे यवतमाळला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमालाही जाता येणार, असं होतं. यवतमाळ मी तोवर पाहिलेलं नव्हतं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात.

ओट्यावर एक छापील तक्ता टांगलेला होता. ‘ज’ला जहाज होतं. मी छडी ठेवून विचारलं, हे काय? एका पोराने बराच वेळ बघून विचारलं, याला बैल कुठं जुंपतात? पुढे ‘भ’ला भाकर होती. ती तरी ओळखीची म्हणून सगळी एका सुरात ओरडली, “बाटी!” आमच्या घराघरात गोरबोलीच बोलली जायची आणि भाकरीला बाटीच म्हणायचे. मी डोळे वटारून सांगितलं, बाटी नाही, भाकर. पोरांतल्या चार वर्षांच्या सोनीने आपल्या फडक्यातली बाटी काढली, तक्त्यासमोर धरली, दोन्हींकडे पाहिलं आणि परत बांधून ठेवली. तिने कुठली खरी धरली ते मला त्याच वेळी समजलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं की या पोरांसाठी आपणच पुस्तक करायचं, आणि त्यात तांड्यात नसलेली एकही वस्तू घालायची नाही.

ते कसं करायचं हे मला दिवाळीने शिकवलं. आमच्याकडे काळ्या अवसेला लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घराघरात ‘मेरा’ मागायला जातात. प्रत्येक दारात थोरांना ओवाळायचं, आशीर्वाद घ्यायचा, पुढच्या दारात जायचं. त्यात एकच नेम असतो, घर सोडायचं नाही. भांडण असो, सुतक असो, म्हातारं खाटेवरून उठत नसो, दिवा त्या दारात गेलाच पाहिजे. मला वाटलं, पुस्तकही असंच करावं. एक घर, एक अक्षर. प्रत्येक घराने आपली एक वस्तू द्यायची आणि त्या पानावर त्या घराचा हक्क. मग पोरगं अक्षर विसरलं तरी घर कसं विसरेल? आमची घरं तीस. नुसत्या व्यंजनांनी सुरुवात बरी दिसत नाही म्हणून एक ‘अ’ घेतला, ज्यांच्यापासून शब्द सुरू होत नाहीत ती अक्षरं बाजूला ठेवली, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ष’ यांना मोठ्या शाळेसाठी राखून ठेवलं. बरोबर तीस उरली. तो हिशेब जुळला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत हिंडत होते. याडीला वाटलं, पोरीला कुणीतरी आवडलं.

उन्हाळ्याच्या दुपारी मी वही घेऊन दारोदार हिंडले. आज लोक याला सर्वेक्षण वगैरे म्हणतात. तेव्हा त्याला ‘कमळीचं याड’ म्हणायचे. बसायला पोतं, प्यायला गुळाचं पाणी, नाहीतर हातावर भाजलेली मोहाची फुलं. नायकाच्या घराने नगारा दिला, तिथे प्रश्नच नव्हता. गोबराबांनी माळ्यावरून एक गोणी काढली. त्यांचे आजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायचे तेव्हाची, शिवण अजून शाबूत. ‘ग’ गोणीचा. ‘ब’ बैलासाठी तीन घरं भांडली, शेवटी ज्याची जोडी जास्त म्हातारी त्याला मान दिला. एका घराला वस्तू नको, स्वतः आजोबांनाच पुस्तकात बसायचं होतं. सगळ्यात वांधा ‘ढ’चा झाला. शाळेत मठ्ठ पोराला ‘ढ’ म्हणतात हे एव्हाना तांड्यापर्यंत पोचलं होतं, त्यामुळे ते अक्षर घ्यायला कुणीच तयार नाही. शेवटी थावराबा म्हणाले, “आण इकडं. मी शाळेत गेलोच नाही त मले कोन ढ म्हनन?” त्यांची सरकीची ढेप पानावर गेली. ही सगळी बोलणी खरं तर गोरबोलीतली आहेत, वाचणाऱ्याला अडू नये म्हणून मी ती आमच्याकडच्या वऱ्हाडीत लिहिते आहे. माझ्या घराला मी ‘भ’ ठेवला. चित्रात याडीच्या हातची बाटी, खाली लिहिलं भाकर, आणि पोरांना दोन्ही म्हणायची मुभा.

आता जमनीबद्दल लिहायला हवं. चार पानं मी तिला टाळत आणलं आहे.

जमनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. लहानपणी मेरा मागायला जाताना वाऱ्यात माझा दिवा विझला की ती आपल्या दिव्याने लावून द्यायची. पुसदपलीकडच्या तांड्यात तिचं लग्न झालं, सोनी झाली आणि नवरा तापाने गेला. सासरच्यांनी रीतीप्रमाणे धाकट्या दिराच्या घरात बस म्हटलं. जमनी म्हणाली, “ज्याले मी कडेवर घेऊन जेवू घातलं त्याच्यासंग कशी नांदू?” आणि सोनीला घेऊन तांड्याच्या टोकाला असलेल्या आपल्या बहिऱ्या आईकडे परत आली. तिला वाळीत टाकायचं असं कुणी ठरवलं नाही, कुणी बैठक घेतली नाही. फक्त बोलावणी थांबली. लग्नाचं आवतण त्या दारात जाईना, सणाचा वाटा जाईना. घरं किती असं विचारलं की कुणी तीस म्हणायचं, कुणी एकोणतीस. सोनी तेवढी बालवाडीत यायची. लेकराला कुणी काही म्हणत नसे.

पुस्तकातली निम्म्याहून जास्त चित्रं जमनीची आहेत. माझा बैल शेळीसारखा दिसायचा. ती काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे टाकता टाकता माझ्याकडे बघायची, हसायची, कोळसा मागायची आणि दोन रेघांत त्याला वशिंड काढून द्यायची. पळसाची फुलं उकळून तिने केशरी रंग केला, दिव्याच्या काजळीत डिंक घालून काळा केला. कागद म्हणजे ढाणकीच्या दुकानांतून मागून आणलेली जुनी कॅलेंडरं, त्यांच्या कोऱ्या पाठी. तिच्या घरासाठी ‘स’ ठेवला होता. वस्तू काय, विचारलं तर म्हणाली, “माह्याकडं काय हाये? सुई हाये.” आणि ती सुई तिने कोळशाने काढली नाही. कागदावरच काळ्या दोऱ्याने बारीक टाके घालून सुई उभी केली, तिच्या नेढ्यातून लाल दोरा काढून पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेला. मी खाली ‘सुई’ लिहिलं. सगळ्या पुस्तकात ते पान उजवं होतं. मग तिने तीसही पानं एकावर एक रचली, दाभण घेऊन डाव्या कडेला पाच भोकं पाडली आणि म्हणाली, शाई भर, वाळली की आण, मी शिवून देते.

पानं घरी वाळत होती तेव्हा बांगड्या वाजल्या. नायकणकाकी येऊन खाटेवर बसली. याडी अंबाडीची भाजी हाटत होती, बापू दोरी वळत होता.

“कमळे, तुह्या पुस्तकात त्या जमनीचं घर हाये म्हनते?”

“सारेच घरं हायेत, काकी.”

“सारेच?” तिने पानं चाळली. सुईपाशी थांबली. तिलाही ते आवडलं असावं, कारण तिने त्यावरून बोट फिरवलं. “पुस्तक माह्याच ओट्यावर वाचनार ना तू? मंग हे घर माह्या ओट्यावर नोको. लेकरू येते त येऊ दे, लेकराचा काय गुन्हा. पन साऱ्याइच्या मांडीले मांडी लावून ते पान नाही बसनार.”

“काकी, तिनंच त चित्रं काढून देल्ले.”

“मंग उपकार मान तिचे. बाई येनार हायेत ना पाहाले? नायकानं चांगलं बोलाव असं वाटते ना तुले?” ती आवाज चढवून बोललीच नाही. जाताना याडीला म्हणाली, भाजीचा वास लय चांगला सुटला.

बापू दोरीवरची नजर न काढता म्हणाला, “एका पानानं काय होते व? तिले कुठी वाचता येते!”

हे वाक्य बापूचं होतं. पण मी ते असं झडप घालून उचललं की जसं माझंच हरवलेलं होतं. खरंच की, तिला अक्षर येत नाही, ती कुठे मोजत बसणार आहे. मी सुईचं पान काढून माझ्या ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलं आणि उरलेल्या कागदावर ‘स’ सरकीचा काढला. सरकी आमच्या घरची. म्हणजे ज्याच्यात्याच्या घराला एक पान आणि माझ्या घराला दोन. ते करताना मला वाईट वाटत होतं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर सरकीचे दाणे गोल येत नव्हते म्हणून मी वैतागले होते.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन जमनीकडे गेले. तिने तो मांडीवर घेतला, कडा ठोकून सारख्या केल्या आणि दाभणाने भोकं चाचपली. दाभण एका ठिकाणी अडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकोणतीस पानांना भोकं होती, माझ्या नव्या पानाला नव्हती. वाचता येणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. तिने ते पान ओढून काढलं, पाहिलं. मी अंगणातल्या शेळीकडे बघत राहिले. सोनी शेजारी बसून चिंचोके मोजत होती.

“सरकी कोनाची?” जमनीने विचारलं.

“आमची.”

“चांगली निघाली,” ती म्हणाली. मग ते पान पायाच्या अंगठ्याखाली धरून तिने त्याला पाच भोकं पाडली, जागच्या जागी ठेवलं आणि दुहेरी लाल दोऱ्याने सगळं पुस्तक शिवलं. वरून आपल्या जुन्या फेटियाचं, म्हणजे घागऱ्याचं, कापड लावलं. दोरा दातांनी तोडला. इतकी पक्की शिवण मी नंतर कुठल्या छापील पुस्तकाला पाहिली नाही. ती एक शब्द जरी वाकडा बोलली असती तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. तिने मला ती सोय दिली नाही.

बाई आल्या त्या दिवशी ओटा शेणाने सारवलेला, दारात आंब्याची पानं, चहाला दूध नायकाच्या घरचं. अख्खा तांडा जमलेला. मी माझी पद्धत दाखवली. एकेका लेकराने उठायचं, पुस्तक चाळायचं, आपलं घर शोधायचं आणि अक्षर म्हणायचं. पोरं धावत आली. नगारा, गोणी, बैल, ढेप. थावराबांचा नातू ‘ढ’ म्हणाला तेव्हा सगळा ओटा हसला आणि बाईही हसल्या. मला यवतमाळ अगदी समोर दिसत होतं. रांगेत सोनी आहे, हे मी विसरले होते. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

सोनी आली. तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक चाळलं. मग शेवटून पहिल्यापर्यंत चाळलं. घरी तिने ती सुई आईच्या हातून उमटताना पाहिली होती, ती इथेच कुठेतरी असणार याची तिला खात्री होती. दोन पानं चिकटली असतील म्हणून तिने नखाने कडा उचकटून पाहिल्या. मग माझ्याकडे मान वर करून तिने आमच्या बोलीत विचारलं, “हमार घर कत छ?”

आमचं घर कुठंय. ओट्यावर एकही बांगडी वाजली नाही. जमनी तिथे नव्हती, तिला बोलावणंच नव्हतं. उमरखेडच्या बाईंना आमची बोली येत नव्हती. त्यांनी कौतुकाने विचारलं, “काय म्हणतेय गं ही छकुली?”

मी म्हणाले, “पुस्तक खूप आवडलं म्हणतेय.”

बाईंनी सोनीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नायकाने दोन नाही, चांगले दहा शब्द सांगितले. सोनी जागेवर जाऊन बसली आणि मी पुढच्या पोराचं नाव घेतलं. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की प्रश्न विचारा, न घाबरता विचारा. वर्गात ते वाक्य म्हणताना दर वेळी मला त्या ओट्यावरचा सारवणाचा वास यायचा. मी मुद्दाम खोटं बोलले, चार वर्षांच्या पोरीच्या तोंडचा प्रश्न काढून घेतला आणि तिच्याच नावावर माझी स्तुती खपवली. याहून सौम्य शब्दांत ते मला सांगता येत नाही.

बालवाडी कायम झाली. त्या दिवाळीला मी दिवा घेऊन मेरा मागायला निघाले, ती माझी शेवटची दिवाळी तिथली. टोकाच्या दारात गेले तर कडीला कुलूप होतं. जमनी पावसाळ्यातच आईला आणि सोनीला घेऊन केळापूरकडे मामाच्या गावी निघून गेली होती. हे मला ठाऊक होतं, तरी गेले. बरोबरच्या पोरी म्हणाल्या, चल व, इथं कोन हाये. पुढच्या साली मी यवतमाळला गेले. पुस्तक दोन पावसाळे टिकलं. पानं चुरली, कोपरे उंदरांनी नेले, शिवण तेवढी राहिली होती म्हणतात. त्या पुस्तकाचं आज एकच पान शिल्लक आहे. जे त्यात नव्हतं, ते.

गेल्या महिन्यात दारापुढे ऑटो थांबला. पन्नाशीची बाई उतरली, हातात लग्नपत्रिका, खांद्याला पिशवी. “बाई, वळखलं का? सोनी मी. जमनीची.” माझ्या भाचीकडून पत्ता काढून, लेकीच्या लग्नाचं आवतण द्यायला आली होती. पांढरकवड्याला तिचं शिवणाचं दुकान आहे. जमनी जाऊन काही वर्षं झाली. चहा उकळेपर्यंत ती मोकळेपणाने बोलत राहिली.

“मले त काही याद नाही बाई, पन आई नेहमी सांगे. मी म्हने बालवाडीतून लय रडत आलती, साऱ्याइचं घर पुस्तकात हाये न् आपलंच नाही म्हनून. त आई म्हने, वेडे, पानात एकएक घर रायते. आपलं घर दोऱ्यात हाये, साऱ्याच पानाइतून जाते.” ती हसली. “तवापासून दोरा हातात घेतला त अजून सोडला नाही.” मग कप खाली ठेवत सहज विचारलं, “पन आमचं पान तुमी बनवलंच नव्हतं ना, बाई?”

आतल्या खोलीत ट्रंक होती. उठून दहा पावलं.

“नाही,” मी म्हणाले.

ती म्हणाली, हाव, मले वाटलंच, तेवढे अक्षरं कुठून आनाचे. आणि माझ्या पाया पडून गेली.

त्यानंतर मी हे प्रकरण लिहायला बसले. सुईचं पान समोर टेबलावर आहे. काळा दोरा विटलेला, लाल अजून लाल, आणि डाव्या कडेला पाच भोकं, ज्यांतून कधीच काही गेलं नाही. आधी वाटलं, पाकिटात घालून पोस्टाने पाठवून द्यावं, सोबत दोन ओळी. माझं वय झालं आहे, गुडघे दुखतात, कुणी नावं ठेवणार नाही. पण घराघरात स्वतः जायचं, दार सोडायचं नाही, हा नेम माझाच होता. पांढरकवड्याची एसटी सकाळी सुटते. एक घर राहिलं आहे.